चाळीस मुलं आणि एक ओहोटी : निसर्गशिक्षकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शाळेतले शिक्षक, पायवाटेवर गट नेणारे, गावात पर्यटन चालवणारी तरुण मंडळी यांच्याकडून आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावाऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहिला आहे.

सातवीच्या ४० मुलांना खडकाळ किनारा दाखवायचा आहे. मागच्या वर्षी गेलो तर पाणी उतरलंच नव्हतं. मुलं वाळूत खेळून परत आली. दिवस कसा ठरवायचा आणि तिथे नेमकं काय करायचं? – शिक्षिका, गुहागर

सहलीची तारीख शाळेच्या सोयीनं ठरली आणि समुद्राला कुणी विचारलं नाही, म्हणून हे झालं. आधी ओहोटी ठरवा, मग बस.

कोळीवाड्यात आजही चालणारा हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ × पाऊण = ३, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, सव्वानऊच्या आसपास, ओहोटीचा तळ. हा हिशेब मुंबईला बसतो. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे गुहागरला त्यावर विसंबू नका. तिथी निवडायला तो वापरा; घड्याळाची वेळ मात्र जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जोरात असतं, म्हणून द्वितीया ते चतुर्थी शाळेला सोयीची. पाणी पुरेसं खाली जातं आणि तळ सकाळी शाळेच्या वेळेत येतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी अर्धवटच उतरतं. तुमची मागची सहल बहुधा भांगेत सापडली. आणखी एक : दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खाली जात नाहीत. तक्त्यात वेळेसोबत उंचीही छापलेली असते, ती पाहा आणि ज्या दिवशी सकाळच्या ओहोटीची उंची कमी असेल तो दिवस निवडा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खडकाकडे फिरकायचंही नाही.

किनाऱ्यावर तळाच्या दीड तास आधी पोहोचा. उतरत्या पाण्यामागून खाली जायचं आणि तळाची वेळ झाली की परतीला लागायचं, मग खाली कितीही सुंदर काही दिसत असो. पाणी चढतं ते समोरूनच नव्हे, मागच्या घळीतूनही भरतं, आणि मुलं खडकाच्या बेटावर अडकतात ती अशीच. एका मोठ्या माणसामागे १० मुलं, त्याहून जास्त नाहीत. चाळीस मुलांचे चार गट करा. एका वेळी दोन गट खडकावर आणि दोन वाळूवर (खेकड्यांची बिळं, वाळूच्या गोळ्या, भरतीरेषेवरचा कचरा), पाऊण तासानं अदलाबदल. पायांत जुने बंद बूट हवेत. चपला शेवाळावर घसरतात आणि अनवाणी पाय कालवांच्या धारेवर चिरतात.

साहित्यात एक चौकट करून घ्या : अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे ५० सेंटीमीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो. पाइपला चार-सहा भोकं पाडा, नाहीतर डबक्यात ती तरंगत बसते. खडकाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात प्रत्येकी तीनदा चौकट ठेवायची आणि आत काय-काय, किती ते लिहायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलं चौकट ‘छान’ जागी ठेवतात. म्हणून नियम करा : किनाऱ्याला समांतर दहा पावलं चालायचं आणि पायापुढे जिथे येईल तिथे ठेवायची. बार्नाकल (खडकाला चिकटून बसणारे बारीक कवचवाले जीव) मोजायला पूर्ण चौकट घेतलीत तर वर्ग तिथेच संपेल. १० × १० सेंटीमीटरचा एक कोपरा पुरे. वर बार्नाकल आणि बारीक गोगलगायी, मध्ये कालवं, खाली समुद्रफुलं, स्पंज आणि शेवाळ हा क्रम मुलांच्या वहीत आपोआप उमटतो. कोण किती वेळ उन्हात तग धरतो हे मग सांगावं लागत नाही, विचारावं लागतं.

दगड उलटवला तर तो होता तसाच परत ठेवायचा. खालच्या बाजूचे जीव ऊन लागलं की तासाभरात मरतात. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असो वा मेलेला वाटो, उचलायचा नाही. त्याचा दंश विषारी असतो. वाळूच्या उथळ पाण्यात पाय घासत चालायचं, म्हणजे पुरून बसलेली पाखट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) निघून जाते. आणि घरी काही न्यायचं नाही. प्रवाळ, अगदी मेलेला तुकडाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुंबईत किनारा रस्त्यासाठी २०२० साली हाजी अली आणि वरळीची प्रवाळं हलवायची तर महापालिकेलाही वनविभागाची परवानगी काढावी लागली होती. ही गोष्ट मुलांना सांगा, खिसे आपोआप रिकामे होतात.

आमचं मंडळ जूनमध्ये सुप्याजवळच्या ओसाड माळावर १०,००० बीजगोळे टाकणार आहे. माती, खत, बी यांचं प्रमाण सांगाल का? – पुणे जिल्हा

प्रमाण सांगतो, पण त्या माळावर टाकू नका.

चिकट माती ५ भाग, चाळलेलं शेणखत २ भाग, एका गोळ्यात एक-दोन बिया, गोळा लिंबाएवढा नव्हे तर सुपारीहून थोडा मोठा, सावलीत दोन-तीन दिवस वाळवलेला. इतकंच. अडचण पुढे असते. जांभळाची आणि आंब्याची बी वाळली की मरते, म्हणजे गोळा वाळवताना तुम्हीच ती मारता. कडुनिंबाची ताजी बी काही आठवड्यांतच उगवण गमावते. मार्चमध्ये केलेल्या गोळ्यात गेल्या वर्षीची निंबोळी असेल तर तो नुसता मातीचा गोळा. उलट बहावा, बाभूळ यांचं कवच इतकं टणक की कानशीनं घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय ती त्या पावसाळ्यात हलत नाही. जे रुजतं त्यातलं बरंच मुंग्या, उंदीर आणि जुलैमधली उघडीप खाते. फोटो मात्र दहा हजारांचा निघतो.

दुसरी आणि मोठी गोष्ट. सुप्याचा माळ ओसाड नाही, तो गवताळ प्रदेश आहे. पाऊस कमी, मुरमावर वीतभर माती, म्हणून तिथे गवत आहे. झाडं कुणी तोडली म्हणून नव्हे. शेजारीच मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी राखलेलं आहे. धाविक, चंडोल, माळटिटवी जमिनीवर उघड्यावर अंडी घालतात आणि त्यांना चहूकडे दिसायला लागतं. तिथे झाडी दाट झाली की ते निघून जातात. त्यात गोळ्यांत सुबाभूळ किंवा गिरिपुष्प असेल तर काही वर्षांनी तेच उपटायची मोहीम काढावी लागेल.

माळासाठीच काही करायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच परिसरातल्या पवन्या, मारवेल या गवतांचं पिकलेलं बी गोळा करा, कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवा आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर जिथे जमीन चरून उघडी पडली आहे तिथे फेका. पेरलेल्या तुकड्यावर दोन पावसाळे चराई बंद ठेवण्याचं गावाशी ठरवा. हे ठरवणं बी पेरण्यापेक्षा अवघड आहे. मेंढपाळांना बैठकीला न बोलावता ठरवलंत तर ते टिकणार नाही.

झाडंच लावायची असतील तर गावठाण, ओढ्याचा काठ, शाळेचं आवार बघा आणि दहा हजार गोळ्यांऐवजी ३०० रोपं वाढवा. पिशवीत माती २, वाळू १, शेणखत १. दर काही आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदला, नाहीतर मूळ पिशवी फोडून खाली जमिनीत जातं आणि उचलताना तुटतं. वर्षभराचं, कमरेएवढं रोप पुढच्या जूनमध्ये लावा. दीड फुटाचे खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. पिशवी पूर्ण फाडून काढायची. तळाशी गोल फिरलेली मुळं कापून टाकायची. ती तशीच राहिली तर झाड काही वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव लिहून मगच खड्डा.

गटासोबत नेण्याच्या पेटीत साप चावल्यावर वापरायचं किट – ब्लेड, चोखणी, आवळायची पट्टी – ठेवलं आहे. पुरेल का? – सातारा

तिन्ही काढून टाका. चिरा दिल्यानं रक्तस्राव वाढतो, आणि घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर तो थांबतच नाही. चोखून विष निघत नाही. घट्ट आवळलं तर पाय जातो.

त्याऐवजी : माणसाला बसवा, हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, बूट लगेच काढा, कारण सूज चढते. हाड मोडल्यावर बांधतो तसा दोन काठ्या लावून अवयव स्थिर करा आणि वेळ कागदावर लिहा. १०८ ला फोन करा किंवा स्वतःच्या गाडीनं निघा. सापामागे धावायचं नाही. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर मात्र ती उपयोगी नाही. दवाखाना तिथेही गाठायचाच.

आणि हे काम सहलीच्या आदल्या आठवड्यातलं : जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात लस आहे आणि रात्री डॉक्टर असतात का, हे फोनवर नव्हे, जाऊन विचारा.

महाविद्यालयाच्या एनएसएस गटाला गावच्या ओढ्याची तपासणी करायची आहे. टीडीएस मीटर घेतलं, पण गावातला स्वच्छ ओढा आणि गावाखालचा घाण ओढा यांचा आकडा जवळपास सारखाच येतो. मीटर बिघडलं आहे का? – कोल्हापूर

मीटर ठीक असेल. ते पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, सांडपाणी नव्हे. बेसॉल्टच्या काळ्या खडकातून झिरपलेल्या चांगल्या विहिरीचा आकडाही मोठा येतो. ओढ्याची तब्येत त्यात राहणाऱ्यांना विचारायची, कारण मीटर त्या मिनिटाचं पाणी पाहतं आणि अळी गेल्या कित्येक आठवड्यांचं पाणी अंगावर काढून बसलेली असते.

लागतं ते असं : ३० सेंटीमीटरची लाकडी किंवा तारेची चौकट, तिला मच्छरदाणीपेक्षा बारीक विणीच्या कापडाची पिशवी आणि दांडा, दोन पांढरे ट्रे, मऊ ब्रश, चमचे, बर्फाचा ट्रे – त्याच्या खणांत प्रकार वेगळे करता येतात, भिंग. खळाळत्या उथळ भागात जाळी तळाला टेकवून प्रवाहाकडे तोंड करून धरायची आणि तिच्या वरच्या अंगाला, एक पाऊल अंतरावर, बुटानं दगड-गोटे ढवळायचे. तीन मिनिटं, घड्याळ लावून. मग काही मोठे दगड उचलून हातानं जाळीत धुवायचे. ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घालून जाळी उलटी करायची आणि पाच मिनिटं काही करायचं नाही. हलायला लागलं की दिसतं.

मेफ्लाय या कीटकाची पिल्लं (शेपटाला बहुधा तीन तंतू, पोटाच्या कडांना हलणारे कल्ले), स्टोनफ्लायची (दोन तंतू, पायांना दोन नख्या) आणि वाळूचं किंवा पानांच्या तुकड्यांचं घरटं अंगावर घेऊन फिरणाऱ्या कॅडिसच्या अळ्या, ही नाजूक मंडळी. प्राणवायू कमी झाला की आधी ती जातात. चतुर-टाचण्यांची पिल्लं, खेकडे, झिंगे मधल्या गटात. लालभडक कायरोनोमस अळ्या, गाळातले लाल किडे आणि उंदराच्या शेपटीसारखी लांब श्वासनळी वर काढणारी अळी यांचीच गर्दी असेल तर पाणी सडतंय. किती नग यापेक्षा नाजूक गटातले किती प्रकार मिळाले ते लिहा. एका प्रकाराची झुंबड फसवते.

गडबड कुठे होते? पहिली, डोहातल्या संथ पाण्याचा नमुना खळाळाच्या नमुन्याशी ताडून पाहिला जातो. डोहात स्वच्छ ओढ्यातही नाजूक मंडळी कमी असतात. खळाळाशी खळाळच ताडायचा. दुसरी, वरून खाली येत नमुने घेतले जातात आणि वर ढवळलेला गाळ खालच्या जाळीत येतो. खालून वर जा. तिसरी, ऋतू : पुरानं तळ धुतला की सगळे वाहून जातात. शेवटच्या मोठ्या पुरानंतर महिनाभर थांबा; नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गावाखालच्या भागात गमबूट आणि रबरी हातमोजे नसतील त्याला उतरवू नका, पायाला चीर असलेल्याला तर अजिबात नको. लेप्टोस्पायरोसिस जखमेतून सहज शिरतो. थेट गटार मिसळतं तिथे मुलांना नेऊच नये. काठावरून वास, रंग, फेस लिहिला तरी नोंद होते.

एकदा केलेली तपासणी म्हणजे फोटो. त्याच तीन जागा, त्याच महिन्यात, तीन वर्षं केलीत तर ग्रामसभेत मांडायला काहीतरी हाती येईल.

आमच्या पाड्यावर काजवे बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. पैसे मिळतात, पण काजवे कमी होत चाललेत असं म्हातारी माणसं म्हणतात. काय नियम लावावेत? – अकोले

म्हाताऱ्यांचं ऐका. नर उडत चमकतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते, आणि ते उत्तर मिणमिणतं असतं. गाडीच्या दिव्यात ते नराला दिसत नाही, मग जुळणी होत नाही. प्रौढ काजव्याला जेमतेम काही आठवडे असतात. त्यातले शनिवार वाया गेले तर पुढच्या वर्षीची पैदास जाते. अळ्या जमिनीत पाचोळ्याखाली गोगलगायी खाऊन वाढतात. म्हणजे झाडाखाली तुडवलेली जमीन म्हणजे तुडवलेले काजवे.

वाहनतळ काजव्यांच्या झाडांपासून अर्धा किलोमीटर अलीकडे, वळणाच्या आड ठेवा, म्हणजे दिव्याचा झोत झाडावर पडणार नाही. पुढे चालत जायचं. १५ जणांमागे गावचा एक वाटाड्या. विजेरीला लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर आणि झोत पायाशी. मोबाइलचे फ्लॅश निघायच्या आधीच, प्रत्येकाचा हातात घेऊन, बंद करा. नुसतं सांगून होत नाही. वाटेच्या कडेला सुतळी बांधा, तिच्या आत झाडाखाली कुणी नाही. थांबल्यावर वीस मिनिटं सगळा उजेड बंद. डोळे अंधाराला सरावले की ज्यांना ‘फार नाहीत’ वाटत होते त्यांनाच झाड पेटलेलं दिसतं, आणि तक्रारी निम्म्या होतात.

रात्रीची संख्या ठरवा आणि ती भरली की परत पाठवा. पहिले दोन शनिवार भांडणं होतील. जागा अभयारण्यात येत असेल तर वेळा आणि प्रवेश वनविभागाशी बोलूनच. आठवड्यातून एक रात्र पूर्ण बंद ठेवता आली तर फारच चांगलं. शिवाय पाड्यावरचा रात्रभर जळणारा पांढरा दिवा : तो पाहुण्यांपेक्षा जास्त नुकसान करतो. मे-जूनमध्ये तो दहाला बंद करा, किंवा वर झाकण बसवून झोत खाली वळवा.

नोकरी सोडून मुलांसाठी निसर्गफेऱ्या सुरू केल्या आहेत. मुलामागे १५० रुपये घेते. गर्दी असते, तरी महिन्याअखेर हाती काही राहत नाही. शिवाय या कामाला पदवी लागते का? – नाशिक

कारण तुम्ही फेरीचे चार तास मोजता. सगळं मोजून बघा. आदल्या दिवशीची पाहणी ४ तास, तयारी २, फेरी ४, प्रवास २, पालकांना नोंदी पाठवणं १ : तुमचे १३ तास. तासाचे २५० धरले तर ३,२५०. मदतनीस ६ तास, १५० नं, ९००. प्रवास समजा १,२००, साहित्याची झीज ४००, औषधपेटी आणि विमा ३००. झाले ६,०५०. पावसाच्या झडीचे आणि परीक्षांचे रिकामे महिने भरून काढायला त्यावर २० टक्के, म्हणजे ७,२६०. पंचवीस मुलं असतील तर डोई २९० रुपये. तुम्ही १५० घेता, म्हणजे जवळपास निम्मी फेरी तुमच्या पदरची.

दर मुलावर लावू नका, गटावर लावा. पंचवीस म्हणून चौदा आले तरी तुमची पाहणी तेवढीच असते. निम्मी रक्कम आधी. तीन दिवस आधी रद्द केलं तर परत, नंतर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांना फुकट न्यायचं असेल तर जरूर न्या, पण तो खर्च एखाद्या देणगीदाराकडून घ्या. तुमच्या तासांवर चालवलेलं फुकट काम दोन वर्षांत बंद पडतं. गावातल्या वाटाड्याचे पैसे त्याच दिवशी, त्याच्या हातात.

पदवीबद्दलही विचारलंत. लागतेच असं नाही. बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षी, वनस्पती, कीटक यांवरचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात. पण पालक पदवीपेक्षा संमतीपत्र बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यात दमा, ॲलर्जी, चालू औषधं, फोटोला परवानगी आणि घ्यायला कोण येणार हे पाच रकाने असू द्या.

शाळांतल्या आमच्या निसर्ग-कार्यक्रमाला देणगी देणारी कंपनी ‘परिणाम’ मागते. प्रश्नपत्रिका दिली तर सगळ्यांना पैकीच्या पैकी! – ठाणे

‘झाडं महत्त्वाची आहेत का?’ याला नाही कोण म्हणेल? प्रश्नपत्रिका सोडा. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी कोरा कागद द्या : ‘शाळेजवळची खाडी काढा आणि तिथे राहणाऱ्यांना नावं द्या.’ वेळ २० मिनिटं. कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी तेच, न सांगता. लगेच दुसऱ्या दिवशी नको, तेव्हा फक्त आठवण मोजली जाते. मग तीन गोष्टी मोजा : किती वेगळे जीव, त्यांतले किती खरोखर त्या जागचे (आधीच्या चित्रांत हटकून डॉल्फिन आणि बदक असतात, नंतरच्यांत चिखलातले निवटी मासे आणि खेकडे यायला हवेत), आणि जिवांना जोडणारे बाण किती. कागदावर मुलाच्या नावाऐवजी क्रमांक लिहा आणि मोजणी कार्यक्रम न घेतलेल्या माणसाकडून करून घ्या. शेजारच्या, कार्यक्रम न झालेल्या वर्गाकडूनही दोन्ही वेळा चित्रं घेतलीत तर कंपनीच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार असेल.